आधी कोंबडी, मग माणूस

बारामती,
रविवार, सकाळ

प्रिय दत्तू,

तुझ्या इंजिनाचं हँडल मागायला काल माळावरच्या वस्तीचे तात्या आले होते. आज संध्याकाळी ते पुन्हा येणार आहेत. द्यायचं की नाही, हे तोपर्यंत मला ठरवायचं आहे. इंजिन तुझं, हँडल तुझं. मग विचारायचं कुणाला? तुला जाऊन दोन महिने होत आले, तरी तुलाच विचारायला बसले आहे. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्या बाईला मी एरवी काय म्हटलं असतं, ते तुला ठाऊक आहे.

सवयीनं आधी 'चि. दत्तू' असं लिहिलं. तो कागद फाडला. धाकट्या भावाला आयुष्यभर चिरंजीव लिहीत आले, त्याचा काय उपयोग झाला?

हँडल शाळेच्या कपाटात आहे, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे. विहिरीवरून मीच ते उचलून आणलं आणि कुलूप घातलं. परवा नकाशा काढताना ते खणकन खाली पडलं. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हे काय?" म्हटलं, "इंजिन सुरू करायचं हँडल." "मग इंजिन कुठाय?" मी तिला महाराष्ट्रातल्या नद्या विचारल्या.

तात्या ओट्याच्या कडेला बसले. आत या म्हटलं तरी येत नाहीत. तेराव्यानंतरही अधूनमधून येऊन गेले होते. तुझ्या यमुनेनं दिलेला चहा घ्यायचे, पटक्याच्या शेवानं तोंड पुसायचे, जायचे. काल मात्र बोलले.

"बाई, रागावू नगा. हँडल पायजे हुतं."

"कशाला?"

"हीर उपसायची हाय."

"पाणी नाही का विहिरीत?"

"हाय की! चिक्कार हाय. दत्तोपंत म्हणलं हुतं तितंच झरा लागला. पंप थांबला आन् पानी जे चढलं, ते पार हिरीतल्या वट्याच्या वर. इंजिन आमी येळेत वर वढलं म्हणून, न्हायतर ते बी गेलं असतं."

"मग प्या की ते पाणी! उपसायचं कशाला?"

तात्या खाली बघत चपलेचा अंगठा चाचपत राहिले. मला कळलं, आणि मस्तकात तिडीक उठली. ज्या विहिरीसाठी तू गेलास, त्या विहिरीला तुझीच अडचण! मी म्हटलं, "माझ्या भावाचा विटाळ झालाय का तुमच्या विहिरीला?"

दत्तू, तो माणूस उठून उभा राहिला. कानाच्या पाळ्यांना हात लावून म्हणाला, "विटाळ न्हाय वो बाई! विटाळ कुनाचा धरायचा? सुतक हाय आमाला. घरातलं मानूस गेलं म्हंजी घरात भरलेलं पानी आपन वतून देतो का न्हाय? हंडं, घागरी, रांजण, सम्दं? तसंच हाय ह्ये. रांजण मोठा हाय, येवढंच."



दोन महिने झाले, दत्तू! तुझ्या झऱ्याचं पाणी तिथं काठाशी येऊन उभं आहे, आणि त्या वस्तीवरच्या बायका निरवांगी गावाच्या खाली नदीच्या वाळूत झिरे खणून, वाटी वाटीनं घागर भरून माळ चढतायत. कुणी सक्ती केलेली नाही. कुणी एकानं प्यायलं असतं तर कोण बघत होतं? पण नाही. त्यांनी दोन मोटा जोडून बघितल्या. बैल टेकीला आले. जेवढं काढावं तेवढं खालून भरतं. तू शोधलेला झरा तुझ्यासारखाच. कुणाचं ऐकायचं नाही!

मी शहाणपण शिकवायला गेलेच. म्हटलं, "तात्या, झऱ्याचं पाणी आहे. तेव्हाचं पाणी केव्हाच मोटेनं निघून गेलं असेल. आता आहे ते नवं."

"आसंल बाई. तुमी म्हणता तर आसंल. पन रांजण रिकामा झाल्याला आमी डोळ्यानं बगितला न्हाय."

"नाही देणार," मी म्हटलं. "ते इंजिन पुन्हा चालायचं नाही. दुसरं एखादं आणा."

"दुसरं कुनाचं आणू?" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात आतून, दाराच्या आडून, यमुना बोलली. तू गेल्यापासून ती परक्यासमोर पहिल्यांदा बोलली. "वन्सं, द्या ते हँडल."

"तू मधे पडू नकोस."

"मग ते खाणीतून परत कशाला आले होते?"

तात्यांना मी 'उद्या या' म्हटलं ते तिच्या या एका वाक्यामुळं. रात्रभर तेच वाक्य डोक्यात. म्हणून सकाळी दौत घेऊन बसले.

खरंच, कशाला आला होतास रे?

मॅट्रिकला गचकलास आणि वडिलांच्या धाकानं पळालास. मी तेव्हा कॉलेजात होते. अख्ख्या वर्गात आम्ही दोघी-तिघी मुली, आणि मला रोज वर्गात बसताना लाज वाटायची ती तुझी, की माझ्या भावाला साधी भूमिती येत नाही! मग चांद्याकडून पत्र आलं. कोळशाच्या खाणीत पंपावर लागलो, म्हणून. वडील म्हणाले, "पंप म्हणजे काय?" मी सांगितलं, "पाणी उपसायचं यंत्र." ते म्हणाले, "म्हणजे मोटकरी झाला." आणि पत्र कोनाड्यात टाकून दिलं. पण रोज संध्याकाळी ते काढून वाचायचे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

सुट्टीवर आलास की तू बोलायचास ते पाण्याचंच. "अक्का, लोकांना वाटतं खाणीत आम्ही कोळसा काढतो. आम्ही पाणी काढतो. पाणी काढून जागा उरली, तर कोळसा." जमिनीच्या पोटात कातळात कोरलेली खोली, तिच्यात तुझा पंप, समोर काळं पाणी. तुझा पंप ते वरच्या हौदात फेकणार, तिथला त्याच्या वरच्या हौदात, रस्त्याच्या कामावर बायका घमेली देतात तसं हातोहात, उजेडापर्यंत. दिवस नाही, रात्र नाही, दिवाळी नाही. पंप थांबला की पाणी जिने चढून वर येतं, असं तू म्हणायचास. पाहुणा आल्यासारखं.

त्या आवाजाची तुला इतकी सवय की घरी झोपच लागायची नाही. आठवतं? शेजारी पिठाची गिरणी होती. दुपारी तिच्या धडधडीत तू गाढ झोपला होतास. गिरणीवाल्यानं जेवायला म्हणून गिरणी बंद केली आणि तू ताडकन उठून, धोतर सावरत, दारापर्यंत धावलास! यमुना नवी नवरी. ती घाबरून माझ्यामागं लपली. किती हसलो होतो आपण!

मग मालकांनी खाण बंद केली. कोळशाला गिऱ्हाईक नाही म्हणाले. पंप काढून घेतले. तू शेवटपर्यंत थांबलास, पाणी चढताना बघत. "बायकोनं सारवलेलं घर पुरात जावं तसं वाटलं," असं लिहिलं होतंस. इकडं आलास तेव्हा केस पांढरे झाले होते. मी म्हटलं, "आता एखादी बरी नोकरी धर." तू इंजिन धरलंस! जुनं, कुठल्या तरी कापसाच्या जिनातलं टाकाऊ, तेलानं बरबटलेलं. ते अंगणात आणून ठेवलंस आणि म्हणालास, "अक्का, इतकी वर्षं चांगलं पाणी उपसून नाल्यात फेकून दिलं. आणि आपल्या माळावर बायका पाण्यासाठी कोस कोस चालतात. कालवा खालून गेला, माळ वरच राहिला. तिथं कातळाखाली पाणी आहे. पण विहीर खोल करायची तर आधी आहे ते उपसावं लागतं, नाहीतर पहारीला सुकी जागा मिळत नाही. ते काम मला येतं. दुसरं काही येत नाही."

तेव्हा मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. हात धू, असंच काही तरी असणार.

आणि ती कोंबडी!

मी शिक्षिका, गावात मान राखून राहिलेली बाई. माझ्या मागच्या अंगणात, तुळशीपासून चार हातांवर, कोंबडी! शेजारच्या काकूंनी येणंच बंद केलं. तेवढा एक फायदा झाला. मी तुला विचारलं, "हे काय आरंभलंयस?" तू म्हणालास, "अक्का, ही माझी मुकादम."

तुझं ते सांगणं शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर तू माझ्या वर्गात येऊन मुलींनाही सांगितलंस. पंप फार उंचावरून पाणी ओढू शकत नाही. विहीर खोल, म्हणून इंजिन आणि पंप दोन्ही विहिरीत उतरवावे लागतात, मध्यावर कातळात ओटा कोरून. इंजिनाचा धूर नळानं वर नेला तरी कुठं फट राहिली तर तो विहिरीतच साठतो. जुन्या आडात उतरताना लोक आधी कंदील सोडतात. विझला तर हवा वाईट, जळला तर चांगली. "पण मुलींनो, इंजिनाच्या धुरातला जो वायू माणूस मारतो, तो दिव्याला हात लावत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. कंदील मजेत जळत राहतो, आणि माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो." म्हणून खाणीत पिंजऱ्यातली पाखरं ठेवत. लहान जिवाला ते आधी लागतं. इथं पाखरं कुठली आणायची? कोंबडी घरोघर. टोपलीत बसवून तळाशी सोडायची, आपण वर एक भाकरी खायची, मग तिला ओढून बघायची. मान टवकारून बघत असेल तर उतरायचं. आधी कोंबडी, मग माणूस.

परवा हँडल बघून प्रश्न विचारणाऱ्या त्याच धीट मुलीनं तेव्हा विचारलं होतं, "आणि कोंबडी मेली तर?"

"तर मी रडेन," तू म्हणालास, "आणि उतरणार नाही."

खोटं बोललास दत्तू! माझ्या वर्गात, माझ्या मुलींसमोर खोटं बोललास!

माळावर लोकांनी त्या कोंबडीचा वेगळाच अर्थ लावला. विहिरीच्या पाण्यात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, राहतात, नव्या कामाआधी त्यांना मान द्यावा लागतो, ही तिथली समजूत. तू टोपली खाली सोडलीस की बायका काठावरून हात जोडायच्या. "बामन असून पंतांनी आसरांना कोंबडं दावलं!" म्हणून तुझा भाव वधारला. तू घरी येऊन ते हसत हसत सांगितलंस. मी म्हटलं, "मग त्यांना खरं काय ते सांगितलंस ना?" तू म्हणालास, "सांगितलं की. पण त्या भोळ्या आहेत अक्का, राहू दे. टोपली जाते खाली, तेवढं पुरे."

राहू दे! तुझी ही एक खोड लहानपणापासूनची. गणित चुकलं तरी राहू दे, सदऱ्याचं बटण तुटलं तरी राहू दे. ते राहू द्यायला नको होतं. पुन्हा पुन्हा, घसा बसेपर्यंत सांगायला हवं होतं. मी असते तर वस्तीला ओळीत बसवून म्हणून घेतलं असतं.

कारण तात्यांच्या आईला ते खटकत होतं. कोंबडी खाली जाते आणि जिवंत वर येते! ती म्हातारी म्हणे रोज पुटपुटायची, "दावून माघारी घेत्यात, ह्यो कसला निवद? आसरा काय भिकारणी हायत? ताट दावायचं आन् वढून घ्यायचं! कोपतील न्हायतर काय!" तू बारामतीला निघालास त्या दिवशी तिनं संधी साधली. तुझ्या वतीनं, तुझ्या भल्यासाठी, हळदकुंकू वाहून तिनं ती कोंबडी आसरांना रीतसर देऊन टाकली. तुला आशीर्वाद मिळावा म्हणून. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. राग तरी कुणावर धरू?

आणि तू कशासाठी आला होतास? पट्टा न्यायला. तो लांब चामडी पट्टा, ज्याच्यासाठी महिनाभर डोकं खाल्लंस. स्टेशनावर पार्सल आलं, तू हमालाच्या आधी ते उचललंस, आणि माझ्या स्वयंपाकघरात आणून उलगडून दाखवलंस, भाताच्या पातेल्याशेजारी! "आता इंजिन वर, पंप खाली, आणि मधे हा पट्टा. धुराला विहिरीत कामच उरलं नाही. कोंबडीला पेन्शन!" पिठलं-भात जेवलास. दही मागितलंस. दही नव्हतं. एवढंसं दही, ते त्या दिवशी नव्हतं.

मी विचारलं होतं, "हँडल आणलंस ना बरोबर?" इंजिनाला कुणी हात लावू नये म्हणून तू ते नेहमी पिशवीत घालून आणायचास. तू म्हणालास, "नामदेवाकडं ठेवलंय. पाणी चढतंय, इंजिन बुडेल. उपसा करा, पण मी येईपर्यंत कुणी उतरू नका, असं बजावलंय."

नामदेव म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ. तुझ्यामागं सावलीसारखा. त्यानं उपसा केला. तळ कोरडा झाला, सुरुंगाचे फुटलेले दगड दिसायला लागले. त्याला वाटलं, पंत यायच्या आत एवढे दगड काढून ठेवावेत, खूश होतील. सुरुंगाच्या हादऱ्यानं धुराच्या नळाचा सांधा उकलला होता, ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. टोपली रिकामी होती. मग त्यांनी बापजाद्यांनी केलं ते केलं. कंदील सोडला. कंदील मजेत जळत राहिला. नामदेव आणि एक दगडफोड्या उतरले. थोड्या वेळानं दोघंही दगडावर बसले. वरून हाका मारल्या तर वर बघेनात.

तेवढ्यात तुझी गाडी आली.

पुढचं तात्यांनी मला तेराव्याला सांगितलं, आणि सांगताना तो एवढा मोठा माणूस दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून होता. तू बैल थांबायच्या आत उडी मारलीस. "कोंबडी कुठाय?" असं ओरडलास. सगळ्यांनी रिकाम्या टोपलीकडं बघितलं. मग तुला विचारायला काही उरलं नाही. मोटेचा नाडा सोडवून घेतलास आणि शिडीवर पाय टाकताना म्हणालास, "माझ्यामागं कुणी उतरायचं नाही. मी नाही आलो तरी नाही. शपथ आहे."

नाडा हलला, नामदेव वर आला. नाडा पुन्हा सोडला, हलला, दगडफोड्या वर आला. दोघांनाही वाऱ्यावर निजवलं, दोघंही जगले. नाडा तिसऱ्यांदा सोडला, तो हललाच नाही. ओढला तर रिकामा आला.

"मी पाय टाकला हुता बाई," तात्या म्हणाले, "पन त्येंचा सबुद आडवा आला. तवापासनं रोज वाटतंय, मोडायला पायजे हुता."

मी त्यांना तेव्हाच सांगितलं, "मोडला असता तर आज तुमच्या घरीही तेरावा असता. शब्द पाळलात ते बरोबर केलंत." तोंडानं सांगितलं. मनातून मला ते म्हणता येत नव्हतं, दत्तू. मनातून मला वाटत होतं, एकानं तरी मोडायचा! लिंबाच्या फांद्या त्याच नाड्याला बांधून वर-खाली करत, विहिरीतली हवा हलवत बसले ते सगळे, आणि तू खाली.

पट्टा गाडीतच होता. सुतळीसुद्धा सोडली नव्हती. हँडलाबरोबर तो आणि तुझी टोपलीही मी घेऊन आले.

तू नाडा आधी स्वतःच्या कमरेला का नाही बांधलास? एवढं साधं? वरून ओढता आलं असतं! मी हे रोज विचारते, आणि रोज मलाच कळतं. नाडा एकच होता. स्वतःला बांधला असतास तर त्यांना काय बांधणार होतास?

यमुनेचं सांगते. तुझ्या सासरची दोन म्हातारी माणसं तिचे केस केव्हा उतरवणार, याची चौकशी करायला आली होती. मी त्यांना ओट्यावरूनच वाटेला लावलं. पुन्हा येणार नाहीत. ती मागच्या अंगणात अजून मूठभर ज्वारी टाकते. खायला तिथं कोण आहे? चिमण्या येतात.

आता इथवर लिहून झाल्यावर वाटतंय, तू मला उत्तर केव्हाच दिलंयस. पंप थांबला की पाणी सगळं परत घेतं. तू खाणीत ते बघून आलास आणि तुझे केस पांढरे झाले. तुझं हँडल कपाटात कोंडून मी तेच करते आहे ना? पण पुन्हा एखादा नामदेव तळाशी जाऊन बसला तर? ते उत्तर तुझ्यापाशी नाही. ते मला त्यांच्याकडून हवं आहे. ते मिळालं नाही तर हँडल नाही, मग सारा माळ तहानेला राहिला तरी चालेल.

लिहिता लिहिता दिवस कलला. बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय. पुरे आता.

संध्याकाळ

आले आणि गेले. जे झालं ते सांगते.

तात्यांबरोबर नामदेव होता. तू गेल्यापासून तो आज पहिल्यांदा आपल्या दारात आला. वाळून काटकी झालाय. काखेत घोंगडीखाली काही तरी धरून, फाटकाशीच उभा राहिला. मी म्हटलं, "पुढं या." आला. वर बघेना. मी शाळेत विचारते तसंच विचारलं. दुसरं मला येत नाही.

"इंजिन कुठं बसवणार?"

"वर. काठापासनं लांब, वाऱ्याच्या अंगाला."

"पंप?"

"खाली, वट्यावर. मधी पट्टा."

"उपसा झाला. तळ दिसला. आता?"

"आता थांबायचं."

"इंजिन वर आहे. धूर विहिरीत नाही. मग कशाला थांबायचं?"

मुद्दाम अडवलं मी. तो घुटमळला. तात्या मधे बोलू पाहत होते, त्यांना मी हातानं थांबवलं. नामदेव म्हणाला, "धूर न्हाय आसं आपल्याला वाटतंय. आपल्याला वाटून उपेग न्हाय. तिला वाटलं पायजे."

"तिला म्हणजे कुणाला?"

त्यानं घोंगडी बाजूला केली. पांढरी कोंबडी. मान टवकारून माझ्याकडं बघत होती, जशी काही मीच परीक्षेला बसले आहे.

"आणि तुमच्या आईंनी ही आसरांना देऊन टाकली तर?" मी तात्यांना विचारलं.

तात्या म्हणाले, "म्हातारीनंच पाळलीय ही, बाई. सोत्ताच्या हातानं दानं घालती. कुनी मान धराय गेलं तर काठी उगारती. म्हणती, ही निवदाची न्हवं. ही पंतांच्या नोकरीला हाय."

मी आत गेले. दौत उगाच उचलून पुन्हा ठेवली. यमुना शाळेची किल्ली हातात घेऊन उभीच होती. मी न सांगता.

शाळेत जाऊन हँडल काढलं. तुझ्या मुठीनं त्याचा लाकडी दांडा एका बाजूनं झिजलाय. नामदेवाच्या हातात देताना त्याला म्हटलं, "अंगठा बाहेर ठेवायचा, दांड्याला वेढायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर मोडतो." तू मला सांगितलेलं. तो म्हणाला, "ठावं हाय बाई. पंतांनी पैल्यांदा त्येच शिकिवलं." आणि मग तो रडायला लागला, रस्त्यात, शाळेच्या दारात. मी त्याला रडू दिलं. मुलींना मी शाळेच्या आवारात रडू देत नाही.

निघताना तात्या म्हणाले, "रांजण वतला की निरोप धाडतो. नव्या पान्याची पैली घागर तुमाला."

म्हणून तुला शब्द देते, दत्तू. निरोप आला की मी आणि यमुना दोघी जाऊ. काठावर उभ्या राहून त्यांच्या हातचं पाणी पिऊ, शेजारच्या काकूंना काय म्हणायचं ते म्हणोत. आणि त्या वस्तीवरच्या लहानथोरांना, तात्यांच्या आईपासून शेंबड्या पोरापर्यंत, ओळीत बसवून 'आधी कोंबडी, मग माणूस' हे तुझं वाक्य म्हणून घेईन. नुसतं पाठ नाही. का ते समजून. तू राहू दे म्हणालास. मी राहू देणार नाही.

उद्या यमुनेला दही लावायला सांगते.

तुझी,
अक्का

आज रविवारी संध्याकाळी, शाळेच्या दारात, यमुनेच्या समक्ष, नामदेवाच्या हाती दिलं ते असं: इंजिनाचं हँडल. चामडी पट्टा, सुतळी न सोडलेला. तुझी झाकणाची टोपली, तळाला नवा काथ्या भरून. यमुनेनं बांधून दिलेली ज्वारीची पुरचुंडी. आणि पांढरी कोंबडी, त्यांचीच त्यांना परत, जिवंत. ती कापायची नाही.